यादी मागू नका, निबंध वाचा : कोकणातील प्राचार्यांना एका ग्रंथपालाचे खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि संशोधन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादी, म्हणजे मान्य संशोधन पत्रिकांची (जर्नलांची) यादी, बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हापासून ग्रंथालयाच्या टेबलाशी येणारा प्राध्यापक पुस्तक मागण्याआधी एकच प्रश्न विचारतो, ‘मग आता पेपर कुठे टाकायचा?’ त्यांचा प्रश्न मला समजतो. पण आता काही संशोधन समित्यांनीही आपापल्या ग्रंथपालांना सांगायला सुरुवात केली आहे की, आपल्या महाविद्यालयापुरती मान्य जर्नलांची यादी करून द्या, म्हणजे कटकट मिटेल. अशी यादी मी करणार नाही. का करणार नाही आणि तिच्याऐवजी काय करता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवले, कारण हा प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. शिवाय कार्यालयात दिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो आणि बहुधा तेवढेच मिळते.

यादीने काय होते हे आपण दोनदा पाहिले आहे. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय आणले, म्हणजे प्राध्यापकाच्या कामाला गुण लावले. त्याआधी आपल्याकडे शोधनिबंध लिहिणारे थोडे होते आणि न लिहिणाऱ्याला कुणी हटकत नव्हते, तेही काही भूषणावह नव्हते म्हणा. गुण लागले आणि बघता बघता आयएसएसएन क्रमांकाच्या पत्रिकांचे पीक आले. हा क्रमांक म्हणजे नुसती नोंद. नियतकालिक कुठलेही असो, रीतसर मागितले की तो मिळतो, आतल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचे काही देणेघेणे नसते. तरीही मुखपृष्ठावर तो ठळक छापलेला दिसला की अर्ध्या समित्यांचे समाधान होत असे.

मग २०१७ मध्ये आयोगाने मान्य पत्रिकांची यादी काढली. ती ३८ हजारांच्या घरात होती. तिच्यातल्या काही हजार पत्रिका विद्यापीठांच्या शिफारशीने आल्या होत्या. पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिफारशींतून नमुना निवडून तपासला आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. विद्यापीठांनी सुचवलेल्या, अन्य कुठल्या मान्यताप्राप्त सूचीत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाच्या असाव्यात, असे त्यात निघाले. याद्या करताना आपण लोक कसे वागतो त्याचा हा ताळेबंद आहे. शिफारस करणारे परग्रहावरून आले नव्हते, आपल्यासारख्याच समित्यांमध्ये बसलेले प्राध्यापक होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या. तोवर त्यांत छापलेल्या निबंधांवर किती जणांची स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या श्रेणीत बढती, होऊन गेली असेल ते सोडून देऊ.

त्यानंतर आली केअर. पुणे विद्यापीठात कक्ष स्थापन झाला, २०१९ मध्ये यादी निघाली, आणि ती आधीच्या यादीपेक्षा नक्कीच कसून केलेली होती. पण धंदेवाईकांनी तिच्यातूनही वाट काढली. भारतीय भाषांतल्या अनेक जुन्या, छापील, प्रामाणिक पत्रिकांना स्वतःचे संकेतस्थळ नव्हते. कुणीतरी तिसऱ्यानेच त्यांच्या नावाने संकेतस्थळ उघडायचे, तेच नाव, तोच आयएसएसएन, आणि खाली पैसे भरायला क्यूआर कोड. मूळ संपादकाला पत्ताच नाही. अशा नकली जर्नलांची नावे कक्षाला वेगळी जाहीर करावी लागली. प्राध्यापकाने यादीत नाव पाहिले, पैसे भरले, निबंध छापून आला, आणि तो ज्या पत्रिकेत आला असे त्याला वाटत होते तिच्यात तो कधी गेलाच नाही.

आता ती यादीही गेली. आयोगाने मार्गदर्शनासाठी काही निकष दिले आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे आपल्यावर. आणि आपला पहिला विचार काय, तर तिसरी यादी.

आंब्याच्या मोसमात पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेले दिसले म्हणून आपल्यातला कुणी डोळे मिटून पैसे देत नाही. पेटी उघडतो, फळ हातात घेतो, देठाशी नाक नेतो. कर्नाटकातला आंबा कोकणच्या पेटीत कसा येतो हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. निबंधाच्या बाबतीत मात्र आपण पेटी मोजून पावती देतो.

या सगळ्या प्रकाराला फसवणूक म्हणायची पद्धत आहे. पण यात फसतो कोण? ‘चोवीस तासांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर सात, प्रमाणपत्र लगेच’ असा संदेश व्हॉट्सॲपच्या गटावर येतो. वाचणाऱ्याला ठाऊक असते की चोवीस तासांत कुणीही त्याचा निबंध वाचणार नाही. पाठवणाऱ्याला ठाऊक असते की याला वाचक नको, प्रमाणपत्र हवे आहे. समितीला दोन्ही ठाऊक असते. असा हा तिघांच्या संमतीने चाललेला व्यवहार आहे आणि त्यातला खरा ग्राहक म्हणजे आपल्या स्थाननिश्चितीच्या अर्जातला गुणांचा रकाना. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कला, वाणिज्य शाखेतल्या एका निबंधाला १० गुण, विज्ञान शाखेत ८. हे गुण निबंध वाचून द्यायचे असते तर दुकाने चालली नसती.

परदेशी असेल ते चांगले आणि देशी ते वाईट, असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी एक खोटा निबंध रचला. दगडफुलातून काढलेले एक रसायन कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, असा त्यातला दावा. होय, तेच ते गोड्या मसाल्यातले दगडफूल. निबंधात चुका अशा पेरल्या होत्या की विषयाचे जुजबी ज्ञान असलेल्या समीक्षकालाही, म्हणजे छापण्याआधी जर्नलासाठी निबंध तपासणाऱ्यालाही, त्या दिसाव्यात. लेखक खोटे, त्यांच्या संस्था खोट्या. तो ३०४ जर्नलांकडे गेला आणि त्यांपैकी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे पाठवला त्यांतली सुमारे एक तृतीयांश जर्नले भारतातून चालणारी होती, ही लाजेची बाब खरीच. पण स्वीकारणाऱ्यांत नामांकित बहुराष्ट्रीय प्रकाशकांचीही जर्नले होती. दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. हिंदावी हा प्रकाशक वायलीसारख्या दोनशे वर्षे जुन्या कंपनीने विकत घेतला, आणि २०२३ या एका वर्षात त्याच्या जर्नलांतून ८ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. विशेषांकांच्या दारातून पैसे घेऊन बनावट निबंध पुरवणारे कारखाने आत शिरले होते. शेवटी कंपनीने ते नावच बंद केले. ही जर्नले मोठमोठ्या सूच्यांमध्ये होती. हिंदावीतला निबंध दाखवून आपल्याकडे कुणी पूर्ण गुण घेतले असतील तर समितीने ते नियमानुसारच दिले होते.

आपल्या देशातले उदाहरण हवे तर हैदराबादच्या ओमिक्स समूहाचे आहे. समीक्षा होते असे भासवून लेखकांकडून पैसे घेतल्याबद्दल आणि परिषदांना न येणाऱ्या तज्ज्ञांची नावे छापल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या समूहावर खटला भरला. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

पण दूरच्यांचे खटले पुरेत. आपण स्वतःही प्रकाशक आहोत, हे आपल्या लक्षात असते का?

दरवर्षी महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या आधीच्या हंगामात आपल्या तीन जिल्ह्यांत राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषदांची रीघ लागते. एखादा पाहुणा नेपाळहून किंवा निदान ऑनलाइन आला की परिषद आंतरराष्ट्रीय. नोंदणी शुल्कात चहा, जेवण, पिशवी, प्रमाणपत्र आणि ‘प्रोसिडिंग’मध्ये छापून आलेला निबंध. परिषदेच्या आदल्या रात्री निबंध घेतले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटनाला जाडजूड अंक प्रकाशित होतो. संपादक मंडळात प्राचार्यांपासून संस्थेच्या कार्यवाहांपर्यंत वीस नावे. यांतल्या कुणी किती निबंध नाकारले, हे मी माझ्या सवयीप्रमाणे विचारत असतो. एकदा उत्तर मिळाले, ‘शुल्क घेतल्यावर नाकारणार कसे?’ उत्तर प्रामाणिक होते, म्हणून लक्षात राहिले. पण ज्याला आपण दुसऱ्यांच्या बाबतीत लुटारू जर्नल म्हणतो त्याची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

प्रकाशनाच्या नीतीसाठी १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी एकत्र येऊन समिती स्थापन केली. ती ‘कोप’ या नावाने ओळखली जाते. तिची मार्गदर्शक तत्त्वे वाचायला सगळ्यांना खुली आहेत. त्यांतली बरीचशी संपादकाला उद्देशून आहेत. संपादकाने निर्णय मजकुरावरून घ्यावा, पैशावरून किंवा ओळखीवरून नव्हे. त्याने समीक्षकाचे हितसंबंध तपासावेत, तक्रार आली तर चौकशी करावी, चूक निघाली तर ती जाहीरपणे दुरुस्त करावी. आपले प्रोसिडिंग काढणाऱ्या वीस संपादकांपैकी दोघांनी जरी ही पाने चाळली तरी पुढचा अंक निम्मा बारीक होईल. आणि तो बारीकच बरा. परिषदेत निबंध वाचला गेला, त्यावर चर्चा झाली, एवढे पुरेसे आहे. सगळ्याचे छापील अंक काढण्याची गरज नाही. शुल्क परिषदेचे घ्या, छपाईचा त्याच्याशी संबंध तोडा.

आता समीक्षेकडे येतो, कारण सगळे तिच्यावर अवलंबून आहे. चांगली समीक्षा म्हणजे काय, ते आपल्या किनाऱ्यावरच्या उदाहरणाने सांगतो. समजा, हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरने उतरवलेल्या मासळीची बारा महिन्यांची मोजमापे एका निबंधात दिली आहेत. दर महिन्याला सारखेच नमुने, जून आणि जुलैचेही. या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग जुलैत ट्रॉलरची मासळी आली कुठून? हा प्रश्न विचारायला पीएचडी लागत नाही, निबंध वाचावा लागतो. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलात तो कुणी विचारत नाही. तिथे ‘अत्यंत उपयुक्त संशोधन, किरकोळ भाषिक दुरुस्त्या’ एवढा शेरा येतो. तोही पैसे भरल्यावर.

आणि यात नुकसान कुणाचे, असे विचाराल तर ते मोजणाऱ्याचे होत नाही. मासा पहिल्यांदा गाबोळी (अंडी) धरतो तेव्हाची त्याची लांबी किती, यावरून किती मापाखालची मासळी पकडू नये हे ठरत असते. उद्या अशा टेबलावर बसून भरलेल्या आकड्यांचा आधार घेऊन कुणी नियम सुचवला तर जाळे बदलायचा खर्च दालद्याला आणि कोळ्याला पडणार, प्राध्यापकाला नव्हे. फवारणीचे प्रमाण सांगणारा निबंध खोटा असेल तर मोहोर बागायतदाराचा जळतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ जात निघाली, जिच्यात साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, होत नाही. संकर करायचा, रोप वाढवायचे, ते फळाला येईपर्यंत थांबायचे, मग कित्येक हंगाम फळे कापून बघायची. या कामाला लागलेला काळ आणि ‘सात दिवसांत स्वीकृती’ ही जाहिरात एकाच रकान्यात, एकाच गुणाने मोजली जाते, तेव्हा तरुण प्राध्यापकाला आपण काय शिकवत असतो?

समीक्षेची एक सोय अशी की तिचा माग राहतो. खऱ्या जर्नलाकडून समीक्षकांची पत्रे येतात. हा आकडा कुठून आला, हा संदर्भ का सुटला, हा निष्कर्ष या पुराव्यातून निघत नाही, अशी. लेखक त्यांना उत्तरे देतो, मसुदा बदलतो, कधी दोनदा, कधी तीनदा. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, स्थाननिश्चितीच्या फाइलमध्ये प्रमाणपत्राऐवजी समीक्षकांची पत्रे आणि लेखकाची उत्तरे जोडायला सांगा. हा कागद बनावट करणे अशक्य नाही, पण प्रमाणपत्रापेक्षा पुष्कळच अवघड आहे. आणि फाइलमधल्या सगळ्या निबंधांऐवजी एकच निबंध, प्राध्यापकाने स्वतः निवडलेला, समितीतल्या दोघांनी अथपासून इतिपर्यंत वाचावा आणि त्यावर त्याच्याशी तासभर बोलावे. वाचायला वेळ नाही असे म्हणणाऱ्या समितीने गुण देण्यासाठी तरी वेळ का काढावा?

दुसरा मुद्दा नावांचा. नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. हा हिशेब कळला आणि निबंधावर नावे वाढू लागली. विभागप्रमुखांचे नाव, मार्गदर्शकांचे नाव, कधी ज्यांनी विषयाचे पुस्तकही उघडलेले नाही अशा वरिष्ठांचे नाव. तासिका तत्त्वावर काम करणारा मुलगा किंवा मुलगी हे निबंध लिहिते, शुल्कही तिच्याच तुटपुंज्या मानधनातून भरते आणि पुढच्या जूनला पुन्हा तास मिळावेत म्हणून गप्प बसते. याबद्दल आपण सगळे स्टाफरूममध्ये कुजबुजतो, सभेत कुणी बोलत नाही. अलीकडे तर सहलेखकाची जागाच विकत मिळते. पहिले नाव इतक्याला, तिसरे इतक्याला, असे दरपत्रक मोबाइलवर फिरत असते.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी लेखक कुणाला म्हणावे याचे चार निकष ठरवलेले आहेत. कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्यात विचारपूर्वक फेरफार करणे. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि निबंधातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही हवेत. शेवटचा सर्वांत जड आहे. पंजाब विद्यापीठातले भूवैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातल्या जीवाश्मांवर निबंध लिहिले. ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून दाखवून दिले की त्यांतले कित्येक जीवाश्म हिमालयात सापडलेच नव्हते, दुसऱ्या देशांतले नमुने हिमालयाच्या नावावर खपवले होते. गुप्तांच्या निबंधांवर सहलेखक म्हणून चांगल्या चांगल्यांची नावे होती. त्यांनी नमुने तपासले, नावे दिली, पण ते सापडले ती जागा पाहिली नाही. एका माणसाच्या लबाडीने हिमालयाच्या भूशास्त्राचे संदर्भ गढूळ झाले, आणि ते निवळायला इतरांना आयुष्यातली वर्षे घालवावी लागली.

कोकणात हे लागू पडते ते जागेमुळे. आपल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांवर निबंध लिहिण्याची लाट आली. आनंद आहे. पण कुठल्या सड्यावर कुठले चित्र, कुणी दाखवले, कोणत्या वर्षी, हे नीट लिहिलेले निबंध किती? गुरे राखताना ज्याला ते चित्र पहिल्यांदा दिसले त्या गावकऱ्याचा उल्लेख ‘स्थानिकांच्या मदतीने’ या दोन शब्दांत उरकलेला असतो. रानभाज्या, औषधी मुळ्या, मासे ओळखण्याच्या खुणा, मालवणी आणि संगमेश्वरी बोलीतली गाणी यांच्या बाबतीतही तेच. ज्यांनी सांगितले त्यांची संमती घेतली का, त्यांची नावे त्यांना चालतील का, आणि छापून आलेले त्यांना वाचता येईल का? निबंध इंग्रजीत, तोही अशा संकेतस्थळावर जे दोन वर्षांनी बंद पडलेले असते. गावातून माहिती गेली ती गेलीच. म्हणून आपल्या भागावरच्या प्रत्येक निबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावा, अशी सक्ती आपणच आपल्यावर करून घ्यायला हवी. त्याचा आणखी एक फायदा आहे. गावात वाचला जाणार हे माहीत असले की जुलैतली ट्रॉलरची मासळी लिहायला हात धजावत नाही.

वाङ्मयचौर्याबद्दल थोडक्यात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी आधीच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या पायऱ्या ठरवल्या : १० टक्क्यांपर्यंत माफ, मग ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि त्यापुढे, अशी चढती शिक्षा. त्यातून असा समज झाला की नऊ टक्के म्हणजे स्वच्छ. सॉफ्टवेअर शब्द मोजते, चोरी ओळखत नाही. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवले की अहवालात साम्य शून्याच्या आसपास दिसते, आणि हे आपल्या मराठी, इतिहास, समाजशास्त्र विभागांत सर्रास चालते. शब्द फिरवून देणारी यंत्रे आता मोबाइलमध्येच आहेत. हे पकडणारा एकच, विषय वाचलेला माणूस. तेव्हा पुन्हा तेच, निबंध वाचा.

चुकांच्या बाबतीत मात्र थोडी उदारता हवी. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत आता मागे घेतलेल्या निबंधांचे गुण वजा होऊ लागले आहेत. लबाडीला हा धाक योग्यच. पण एखाद्या प्राध्यापिकेला स्वतःच्या प्रयोगात चूक सापडली आणि तिने स्वतःहून जर्नलाला कळवून निबंध मागे घेतला, तर तिला नोटीस द्यायची की शाबासकी? आज आपल्याकडे नोटीस मिळेल, आणि म्हणून कुणी कळवणार नाही. हे आपल्या हातात आहे, दिल्लीच्या नाही.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांवरचा भार तर आपण उगीचच वाहतो आहोत. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत गेली. तरी अनेक संशोधन केंद्रांत ‘आमच्याकडे लागतोच’ असे सांगतात. का लागतो, कुणी सांगत नाही. २०१९ पासून पीएचडीच्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा आहे. सकाळी नीतीचा तास आणि दुपारी ‘कुठेतरी टाकून मोकळी हो’ हा सल्ला, हे एकाच इमारतीत चालते.

एक अडचण मला मान्य आहे. चांगल्या जर्नलांपर्यंत पोचायला वाचायला मिळाले पाहिजे, आणि ते आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांना परवडत नव्हते. केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये देऊन ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना आणली. सुमारे १३ हजार जर्नले केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. खासगी संस्थांचा त्यात समावेश नाही. आपल्यापैकी कुणाला ती लागू आहे हे तपासा, ज्यांना नाही त्यांना शेजारच्या महाविद्यालयात बसून वाचण्याची मुभा द्या. ग्रंथपालांचे आपसांत जमते, अडते ते संस्थाचालकांचे.

आणि समीक्षक आपल्याकडे आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वेंगुर्ल्याला आणि भाट्याला संशोधन केंद्रे आहेत. निवृत्त प्राध्यापक आहेत, ज्यांना कुणी बोलवत नाही. बंदरावर, बागेत आयुष्य काढलेली माणसे आहेत. जर्नलाकडे पाठवण्याआधी निबंध या मंडळींसमोर वाचायचा, असा पायंडा तीन जिल्ह्यांनी मिळून पाडावा. पावसाळ्यात एखादा शनिवार, कुठल्याही महाविद्यालयाच्या वर्गात, बॅनर नको, दीपप्रज्वलन नको, प्रमाणपत्र तर मुळीच नको. तीन निबंध, प्रत्येकाला दीड तास. चहाचा खर्च माझ्याकडे. येणाऱ्याने निबंध आधी वाचून यायचा, एवढीच अट.

तेवढे होईपर्यंत एक काम लगेच करता येईल. स्थाननिश्चितीच्या पुढच्या फायली येतील तेव्हा समीक्षकांची पत्रे मागा. बहुतेकांकडे नसतील. त्यांना दोष देण्याआधी, तो निबंध त्यांनी कोणत्या वर्षी, कुणाच्या सांगण्यावरून आणि आपल्या कोणत्या परिपत्रकाची मुदत गाठायला दिला, तेही विचारा आणि ती उत्तरे समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल
रत्नागिरी जिल्हा